घोर, राग, डूख आणि कुढणं: मनातलं अंगावर येतं कसं आणि उतरवायचं कसं

आरोग्य खात्यात होतो तेव्हा गावोगाव बीपी तपासणीची शिबिरं व्हायची. मारुतीच्या पारावर टेबल, टेबलावर यंत्र, समोर रांग. लातूर-बीडच्या शिवेवरच्या एका गावात असाच फॉर्म भरत होतो. समोर बसलेल्या माणसाकडं बघून वयाच्या रकान्यात मी न विचारताच 55 लिहिलं. आधार कार्ड हातात आलं तेव्हा कळलं, 41. बीपी निघालं 168/104. थोरला भाऊ मुद्दाम त्या दिवशी आला नव्हता, कारण दोघांत बांधावरून सहा वर्षं केस चालू होती. "झोप येते का?" विचारलं. म्हणाला, "डोळा लागतो सर, पण रातच्याला दोन वाजले की तारीख आठवती."

गावात अशा माणसाला 'काळजीनं वाळला' म्हणतात. धसका घेतला, हाय खाल्ली, रक्त आटलं, झुरून झुरून खंगला. आपल्या बोलीतले मनाच्या दुखण्याचे शब्द बघा, सगळे अंगाचे आहेत. ही नुसती बोलायची रीत नाही, त्यामागं शरीरात खरंच काहीतरी घडत असतं. ते काय, आणि त्यावर घरच्या घरी काय करता येतं, ते कामाच्या क्रमानं सांगतो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. हमीभावाच्या खाली सोयाबीन विकून आलेल्या माणसाला 'पॉझिटिव्ह राहा' म्हणणं ही थट्टा आहे. प्राणायामानं भाव वाढत नाही. आणि तोंडावरच्या सगळ्या सुरकुत्या काळजीच्याही नसतात. उन्हाच्या असतात, तंबाखूच्या असतात, अर्धपोटी राबण्याच्या असतात. मन हे त्यातलं एक कारण. पण त्याच्यावर आपला थोडाफार हात चालतो, म्हणून हा लेख.

आत काय होतं

विहिरीवरची मोटार आठवा. लाइट आली की चालू, रान भिजलं की बंद. राग आला, भीती वाटली की मूत्रपिंडाच्या डोक्यावरच्या ग्रंथी अॅड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल सोडतात. काळीज जोरात उडतं, रक्तात साखर वाढते, हातापायात बळ येतं. साप दिसला तर याच मोटारीनं जीव वाचतो. हान्स सेल्ये या शास्त्रज्ञानं 1936 मध्ये यावर लिहिलं, आणि 'स्ट्रेस' हा शब्द जगभर झाला तो त्याच्यामुळं.

घोटाळा होतो तो मोटार बंद करायची राहून गेली की. साप निघून गेला, पण कर्जाची नोटीस रोज डोळ्यापुढं आहे. मग मोटार रात्रंदिवस चालते. विहिरीतलं पाणी संपल्यावर कोरडी चाललेली मोटार जळते, हे मराठवाड्यात कुणाला शिकवायला नको. महिनोन्‌महिने कॉर्टिसॉल चढलेलं राहिलं की पोटावर चरबी साठते, साखर चढते, स्नायू झिजतात, हाडं ठिसूळ होतात, झोप मोडते आणि अंगात आतल्या आत बारीक सूज धुमसत राहते. ही यादी परत वाचा. म्हातारपण म्हणजे दुसरं काय असतं?

पेशींपर्यंतही हे पोचतं. बैलाच्या कासऱ्याच्या टोकाला आपण गाठ मारतो, नाहीतर पीळ सुटत जातो. आपल्या गुणसूत्रांच्या टोकांनाही अशीच राखण असते, तिला टेलोमिअर म्हणतात. पेशी दुभंगत जाते तशी ही गाठ झिजते. यावरच्या कामासाठी 2009 मध्ये एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरोल ग्रायडर आणि जॅक शोस्टाक यांना नोबेल मिळालं. त्याआधी 2004 मध्ये एलिसा एपेल आणि ब्लॅकबर्न यांनी कॅलिफोर्नियात 58 आयांचं रक्त तपासलं होतं. त्यातल्या बऱ्याच जणींची लेकरं कायमची आजारी होती. सगळ्यात जास्त ताण सांगणाऱ्या आयांची टेलोमिअर सगळ्यात कमी ताणवाल्यांच्या मानानं इतकी आखूड निघाली, की पेशींच्या वयात निदान 10 वर्षांचा फरक पडावा. अभ्यास लहान होता आणि टेलोमिअर म्हणजे काही ब्रह्मलिखित नव्हे, हेही ध्यानात ठेवा.

मला जास्त पटला तो 1995 चा एक साधा प्रयोग. अमेरिकेतल्या ओहायोत, विसरभोळेपणाच्या आजाराचं माणूस घरात सांभाळणाऱ्या 13 बायका आणि तशी जबाबदारी नसलेल्या 13 बायका निवडल्या. प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची सारखीच बारीक जखम केली. सांभाळणाऱ्या बायकांची जखम भरायला सरासरी 9 दिवस जास्त लागले. अंथरुणाला खिळलेल्या सासूचं करता करता स्वतःच्या हाताची चीर महिनाभर न भरलेली सून मी पाहिलेली आहे. आम्ही मलम देत राहिलो.

आता दिलासा. 2023 मध्ये एका अभ्यासात दिसलं, की मांडीचं हाड मोडून तातडीचं ऑपरेशन, गरोदरपण, गंभीर कोविड अशा मोठ्या ताणात शरीराचं जैविक वय, म्हणजे पेशींवरून मोजलेलं वय, चढतं, आणि ताण ओसरला की पुन्हा खाली येतं. हे ताण अंगाचे होते, मनाचे नव्हेत, पण चढलेलं वय उतरू शकतं हे त्यातून कळलं. केसांचंही तसंच. 2021 मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांना काही माणसांचे काही पांढरे केस ताण गेल्यावर मुळातून परत काळे होताना दिसले. एकाचे तर सुट्टीवर गेल्यावर पाच केस. पाचच. डोकं पूर्ण काळं होईल या आशेवर राहू नका.

पहिलं काम: पंधरा दिवसांची वही

लेकराची जुनी वही घ्या. दिवसातून एकदा, निजायच्या आधी, तीनच गोष्टी लिहा: काय झालं, काय वाटलं, आणि ते किती वेळ राहिलं.

'टेन्शन आलं' असं लिहू नका. टेन्शन हा शब्द आजकाल सगळ्याला चालतो, म्हणून कशालाच लागू पडत नाही. राग होता की घोर? धसका होता की नुसतं कुढणं? की जुना डूख वर आला? नेमका शब्द शोधण्यानंच निम्मं काम होतं. भावनेला शब्द दिला की मेंदूतला भीती-रागाचा भाग थंडावतो, हे मेंदूच्या स्कॅनवर 2007 मध्ये दाखवलं गेलंय.

तिसरा रकाना सगळ्यात मोलाचा. राग सगळ्यांनाच येतो. एकाचा चहा होईपर्यंत उतरतो, दुसऱ्याचा पेरणीपासून काढणीपर्यंत मुक्काम ठोकतो. वय वाढवतो तो हा मुक्काम. पंधरा दिवसांनी वही चाळली की कोणता पाहुणा जास्त दिवस राहतोय ते कळतं, आणि आधी त्याच्यामागं लागायचं. लिहिता येत नसेल तर नातवाला सांगून लिहून घ्या, किंवा मोबाइलवर बोलून ठेवा.

दुसरं काम: अंगाची मोजणी

वही चालू असतानाच गावच्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन बीपी, साखर आणि हिमोग्लोबिन बघून घ्या. जमलं तर थायरॉइड आणि बी-12 सुद्धा. सतत चिडचिड आणि थकवा असलेल्या कितीतरी बायकांचं हिमोग्लोबिन 8 निघालेलं मी पाहिलंय. त्यांना उपदेश नको होता, लोहाच्या गोळ्या हव्या होत्या.

बीपी मोजण्याआधी अर्धा तास चहा आणि तंबाखू नको. पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसा, हात छातीच्या उंचीला ठेवा. रांगेत भांडून आल्याबरोबर मोजलेलं बीपी खरं नसतं. दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी 140/90 किंवा त्याच्या वर आलं तर डॉक्टरला दाखवा. कंबर बेंबीच्या रेषेत मोजा. पुरुषाची 90 सेंटिमीटरच्या आणि बाईची 80 च्या आत हवी. हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहा.

बायकांसाठी एक वेगळी गोष्ट. बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या ऐन तरुणपणी काढल्याच्या बातम्यांवरून 2019 मध्ये राज्य सरकारला समिती नेमावी लागली होती. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली असतील तर पाळी जाण्याच्या वयातले सगळे बदल तिशीतच सुरू होतात: अंगातून वाफा, हाडं दुखणं, झोप न लागणं, रडू येणं. अशा बाईला 'तू फार विचार करतीस' म्हणू नका. ऑपरेशनचे कागद घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञाकडं न्या.

रागाची चाळीस मिनिटं

2024 मध्ये अमेरिकेत 280 निरोगी माणसांवर एक प्रयोग झाला. काहींना राग आणणारी जुनी आठवण आठ मिनिटं बोलायला लावली, काहींना काळजीची, काहींना दुःखी करणारी वाक्यं वाचायला दिली. राग आठवलेल्यांच्या रक्तवाहिन्यांची सैल होण्याची ताकद 40 मिनिटांपर्यंत कमी झालेली राहिली. काळजी आणि दुःखात तसं ठळक दिसलं नाही. आठ मिनिटं नुसतं आठवलं, तर 40 मिनिटं. दिवसातून पाच वेळा त्याच गोष्टीचं रवंथ करणाऱ्याचा हिशोब तुम्हीच मांडा.

रागात काय करायचं? आपल्याकडं म्हणतात, ओरडून मोकळं व्हावं. मीही हेच सांगत आलो होतो, आणि ते चूक होतं. 2024 मध्येच 154 अभ्यास एकत्र तपासले तेव्हा दिसलं की आदळआपट करून राग निवत नाही, पळण्यानंसुद्धा नाही. अंगाची गती खाली आणणाऱ्या गोष्टींनी निवतो.

म्हणून आधी जागा सोडा. 'येतो जरा' एवढंच म्हणा आणि उठा. मग तोंडावर गार पाण्याचे हबके मारा. पैठणच्या नाथांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे: गोदावरीत आंघोळ करून वर आले की एकजण अंगावर थुंकायचा, आणि नाथ परत नदीत उतरायचे, असं 108 वेळा. कीर्तनकार त्यातून क्षमा सांगतात. मला आरोग्य खात्यातला माणूस म्हणून त्यात गोदावरीचं गार पाणीही दिसतं. चेहऱ्याला गारवा लागला की काळजाचे ठोके मंदावतात, ही शरीराची जन्मजात सवय आहे.

नंतर बसून श्वास. चार आकडे मोजत आत, सहा आकडे मोजत बाहेर. मिनिटाला साधारण सहा श्वास, पाच मिनिटं. श्वास बाहेर सोडण्याचा वेळ लांबवणं हीच यातली मेख. हरिपाठ तोंडपाठ असेल तर हळू आवाजात म्हणा. सूर धरून म्हणताना श्वास आपोआप लांब सुटतो. आणि त्या चाळीस मिनिटांत भावकीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर व्हॉइस मेसेज टाकायचा नाही. तेवढं एक पाळलं तरी अर्धी भांडणं मिटतील असं माझं मत आहे.

घोर: कागदावर उतरवायचा

घोर रात्री दोन वाजता येतो, कारण दिवसा त्याला बसायला जागाच दिलेली नसते. मानसशास्त्रज्ञांनी 1983 मध्ये एक विचित्र वाटणारा उपाय तपासला होता: रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी अर्धा तास काळजीच करायची, एरवी ती आली की 'साडेसहाला ये' म्हणून परत पाठवायची. दिवेलागणीच्या आधीची वेळ बरी. अंथरूण ही जागा मात्र नको.

त्या अर्ध्या तासात कागदावर दोन भाग करा. एका बाजूला पावसाच्या आणि बाजाराच्या हातातलं, दुसऱ्या बाजूला आपल्या हातातलं. कर्ज असेल तर नुसतं 'कर्ज' लिहू नका. बँक किती, सोसायटी किती, कृषी सेवा केंद्राची उधारी किती, सावकार किती, प्रत्येकाचं व्याज किती. माझ्या बघण्यात बहुतेकांनी हा आकडा एका जागी कधी मांडलेलाच नसतो. मांडला की तो भुतासारखा मोठा दिसायचा थांबतो. क्वचित खरंच मोठा निघतो, पण तेव्हाही कुठून सुरू करायचं ते दिसतं.

सावकाराचा रकाना भरताना एवढं माहीत असू द्या: महाराष्ट्रात 2014 चा सावकारी नियमन कायदा आहे. परवाना नसताना व्याजानं पैसे देणं गुन्हा आहे. तालुक्याच्या सहायक निबंधकाकडं किंवा जिल्हा उपनिबंधकाकडं लेखी तक्रार करता येते. व्याजापोटी जमीन लिहून घेतली असेल तर ती परत मिळवण्याची तरतूदही त्यात आहे.

निजताना पाच मिनिटं उद्याच्या कामांची यादी लिहा. टेक्ससमध्ये 2018 साली 57 तरुणांवर हे करून बघितलं. झालेली कामं लिहिणाऱ्यांच्या मानानं उद्याची कामं लिहिणाऱ्यांना 9 मिनिटं लवकर झोप लागली. मोबाइल दुसऱ्या खोलीत. एकच खोली असेल तर कणगीवर.

डूख

साप डूख धरतो म्हणतात. साप धरत असेल नसेल, माणूस नक्की धरतो. 'माफ करून टाका' हे सांगायला सोपं आहे. ज्याची दोन गुंठे जमीन गेली त्याला ते सांगायचा अधिकार मला नाही. मी कागदाचा रस्ता सांगतो. भांडण जेवढे दिवस अधांतरी, तेवढे दिवस मोटार चालू.

बांधाचा वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात फी भरून सरकारी मोजणी घ्या. केस कोर्टात असेल तर लोकअदालतीत ठेवायला सांगा. तिथं वेगळी कोर्ट फी नाही, आणि तडजोड झाली की निकाल अंतिम, वर अपील नाही. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जा. बाईला तिथं उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. वर्षानुवर्षं एकमेकांची जमीन दोघं कसत असतील, तर 2023 पासूनची सलोखा योजना आहे. अदलाबदलीच्या दस्तासाठी नाममात्र शुल्क लागतं. ती अजून चालू आहे का आणि अटी काय, ते तलाठ्याकडून समजून घ्या.

कुढणं

पहाटे जात्यावर बसून बायका ओव्या म्हणायच्या. सासुरवास, माहेराची ओढ, गेलेलं लेकरू, सगळं पिठाबरोबर बाहेर पडायचं. गिरणी आली आणि हाताचे फोड गेले, त्याबद्दल तक्रार नाही. पण ते दुःख सांगायची जागाही जात्याबरोबर गेली.

ती जागा मुद्दाम तयार करावी लागते. लिहिता येत असेल तर सलग चार दिवस, रोज पंधरा-वीस मिनिटं, जे कुणाला सांगितलं नाही ते लिहायचं. शुद्धलेखन बघायचं नाही, आणि लिहून झाल्यावर चुलीत घातलं तरी चालेल. 1986 पासून ही रीत तपासली जातेय आणि बऱ्याच जणांना तिचा गुण येतो. मात्र घाव अगदी ताजा असताना लिहायला बसू नका. घरात मयत झालेली असताना आधी माणसं लागतात, वही नव्हे. लिहिता येत नसेल तर एक बाई गाठा, एकच, जिच्या पोटात गोष्ट राहते. बचत गटाची बैठक संपल्यावर पाठीमागं थांबणाऱ्या दोघी असतात ना, तशी.

मागं राहिलेली माणसं

दसरा-दिवाळी झाली की बीड भागातली कितीतरी घरं ऊसतोडीला जातात, आणि गावात म्हातारी माणसं आणि कुत्री उरतात. ज्यांची लेकरं पुण्यात नोकरीला, त्यांची गत वेगळी नाही. 2010 मध्ये 148 अभ्यासांतली तीन लाखांवर माणसं एकत्र मोजली, तेव्हा ज्यांची माणसांत ऊठबस होती त्यांच्या तगून राहण्याची शक्यता 50 टक्क्यांनी जास्त निघाली.

म्हणून आबाला मोबाइल घेऊन देण्यापेक्षा रोजची ठरलेली वेळ द्या. सकाळी सातला फोन म्हणजे सातला. आबानंही पारावर जावं, काकड्याला जावं, भजनी मंडळात टाळ धरावा, सूर नसला तरी. आणि 'आता काय राहिलंय आमचं' हे पालुपद सोडावं. 2002 मध्ये ओहायोतल्या एका गावच्या नोंदींवरून दिसलं, की स्वतःच्या म्हातारपणाबद्दल बरं बोलणारी माणसं सरासरी साडेसात वर्षं जास्त जगली.

खाण्यापिण्याचं लांबवत नाही. भाकरीबरोबर रोज वरण किंवा उसळ आणि मूठभर शेंगदाणे, आठवड्यात 150 मिनिटं भराभर चालणं, तंबाखू बंद. दारूनं झोप लागते हा भ्रम आहे. लागते आणि मध्यरात्री मोडते.

दवाखाना कधी

उदासपणा दोन आठवड्यांवर टिकला, जेवण सुटलं, कामातून जीव उडाला, किंवा माणूस 'माझ्यामागं लेकरांना बघा' असं बोलायला लागला, तर वही-बिही बाजूला ठेवा. 14416 हा टेलिमानसचा नंबर लावा. 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झालेली ही सरकारी सेवा आहे. रात्री-अपरात्रीही मोफत, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. अशा दिवसांत घरातलं फवारणीचं औषध शेजाऱ्याच्या घरी कुलपात ठेवा आणि त्या माणसाला थेट विचारा, 'मरायचा विचार येतो का?' विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही. बहुतेकांना कुणीतरी विचारल्याचं बरं वाटतं. रागाच्या किंवा धसक्याच्या भरात छातीत कळ आली, घाम फुटला तर श्वास मोजत बसायचं नाही. 108.

तीन महिन्यांनी वहीचं पहिलं पान काढून सगळे आकडे परत मोजा आणि तिसरा रकाना शेजारी ठेवून बघा.

त्या 41 वर्षांच्या माणसाची मोजणी झाली, केस लोकअदालतीत मिटली. बांध दीड हात त्याच्याच बाजूला सरकला, म्हणजे तो हरलाच म्हणायचा. पुढच्या शिबिरात आला तेव्हा बीपी 142/92 होतं. मी म्हटलं, गोळी बंद करायची नाही. तो "हाव" म्हणाला आणि खुर्चीवरून उठला. मागं त्याचा थोरला भाऊ रांगेत उभा होता.